अतिवृष्टीची शक्यता आकड्यात सांगा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडलेला पाऊस होता सुमारे ७४ मिलिमीटर. शहर एकच, पण उपनगरांत माणसे गळ्याएवढ्या पाण्यातून वाट काढत होती आणि दक्षिण टोकाला नेहमीसारखा पावसाळी दिवस चालू होता. एवढ्या पावसाचा आकडा आदल्या दिवशीच्या जाहीर अंदाजात नव्हता. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसानंतर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, हवामान खात्याला काही कळत नाही. दुसरी, निसर्गापुढे कोणाचे काय चालणार? पहिलीत विज्ञानाकडून अशक्य गोष्टीची मागणी आहे आणि दुसरीत शक्य असलेल्या गोष्टीवर सोडलेले पाणी. खवळलेल्या प्रवाहातील टोकाच्या घटनेबद्दल विज्ञान ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे ठामपणे सांगू शकत नाही. ती घडण्याची शक्यता किती, हे मात्र ते पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले सांगू शकते. ती शक्यता आकड्यात जाहीर झाली पाहिजे आणि कोणत्या आकड्याला कोणती कृती करायची हे आभाळ भरून येण्याआधी ठरलेले असले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे नीट पटायचे असेल तर आधी प्रवाहाचा स्वभाव पाहावा लागतो. १८८३ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि त्यात रंगाची बारीक धार मिसळली. वेग कमी असताना ती धार सुतासारखी सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला तशी ती फुटली आणि सारी नळी भोवऱ्यांनी भरून गेली. या अवस्थेला टर्ब्युलन्स म्हणतात. नदीचा लोंढा, चुलीवरचा धूर, समुद्र आणि आपल्या डोक्यावरचे वातावरण, सगळीकडे हीच अवस्था असते. मोठे भोवरे लहान भोवऱ्यांना ऊर्जा देतात, ते आणखी लहानांना, आणि शेवटी ती उष्णतेत विरून जाते. रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये या वाटपाचा एक सुंदर नियम मांडला. पण तो नियम सरासरीचा आहे. १९४९ मध्ये बॅचलर आणि टाउनसेंड या केंब्रिजच्या संशोधकांनी मोजमापातून दाखवले, की सर्वांत लहान भोवऱ्यांची हालचाल प्रवाहात सारखी पसरलेली नसते. बराचसा भाग शांत असतो आणि मध्येच कुठे तरी ती एकदम उसळते. माणसांच्या उंचीचा आलेख काढला तर दहा फुटांचा माणूस त्यात कधीच सापडत नाही. सरासरीपासून दूर जावे तशी शक्यता झपाट्याने शून्याकडे जाते. टर्ब्युलंट प्रवाहाचा आलेख तसा नसतो. त्याचे टोक लांब आणि जाड असते. सरासरीच्या कित्येक पट मोठी उसळी हा अशा प्रवाहाचा अपघात नसून त्याच्या स्वभावाचा भाग असतो. म्हणूनच ‘न भूतो’ असे म्हणून एखाद्या अतिवृष्टीची फाइल बंद करणे चुकीचे आहे. जी घटना प्रवाहाच्या स्वभावातच आहे, ती दुर्मीळ असली तरी पुन्हा येणारच.

मग ती नेमकी कधी आणि कुठे येणार, हे का सांगता येत नाही? यंत्रे कमी पडतात म्हणून, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचा १९६३ मधला शोधनिबंध जगाला माहीत आहे: सुरुवातीच्या स्थितीतला सूक्ष्म फरक वाढत वाढत सारा अंदाज बदलून टाकतो. त्यांचा १९६९ मधला निबंध कमी माहीत आहे, पण आपल्या प्रश्नासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. लहान भोवऱ्यातली चूक त्याच्या दुप्पट आकाराच्या भोवऱ्यात जाते, तिथून आणखी मोठ्या भोवऱ्यात, असा त्यातला विचार आहे. भोवरा जितका लहान तितकी ही चूक लवकर पसरते. एक उदाहरण घेऊ. समजा, एका आकाराच्या भोवऱ्यात चूक पसरायला दहा तास लागतात. कोल्मोगोरोव्ह यांच्या नियमाने हिशेब केला तर त्याच्या निम्म्या आकाराच्या भोवऱ्यात सुमारे सव्वासहा तास लागतील, मग चार, मग अडीच. आपण दर वेळी निरीक्षणे दुप्पट बारीक करत गेलो तर अंदाजाच्या मुदतीत एवढीच भर पडत जाते. दहा, सव्वासहा, चार, अडीच अशी बेरीज कितीही पायऱ्या पुढे नेली तरी अठ्ठावीस तासांपर्यंतही पोहोचत नाही. वातावरणाच्या मोठ्या प्रणालींसाठी ही मर्यादा दोन आठवड्यांच्या आसपास मानली जाते, तर एकट्या गडगडाटी ढगाचे आयुष्यच तासाभराचे असते. अधिक पैसा, अधिक रडार, अधिक वेगवान संगणक हे सगळे हवेच आहे आणि त्याने अंदाज सुधारतो. तरीही निश्चित भाकिताची भिंत त्याने पडत नाही.

मात्र या भिंतीच्या अलीकडे पुष्कळ जागा आहे. उसळी येण्याआधी प्रवाह काही खुणा देतो का, याचा शोध गेली काही वर्षे गांभीर्याने घेतला जात आहे. मोहम्मद फराझमंद आणि थेमिस्टोक्लिस सॅप्सिस यांनी २०१७ मध्ये एमआयटीत केलेले काम या दृष्टीने लक्षणीय आहे. संगणकावर घडवलेल्या एका टर्ब्युलंट प्रवाहात अधूनमधून ऊर्जेचे स्फोट होत होते. त्या स्फोटांच्या आधी एका विशिष्ट लाटेतली ऊर्जा मुख्य प्रवाहात सरकते, असे त्यांना आढळले. ती एक लाट पाहत राहिले तर स्फोट येण्याची शक्यता आधी ओळखता येते. हा साधा, प्रयोगशाळेतल्यासारखा प्रवाह आहे आणि खरे वातावरण त्याहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे. पण त्यातला धडा मोलाचा आहे. प्रवाहाचा प्रत्येक थेंब ओळखता आला नाही तरी तो धोकादायक अवस्थेत शिरतो आहे का, हे ओळखता येते. जी माहिती मिळते ती शक्यतेच्या रूपात मिळते, आणि नेमका तिचाच उपयोग करायला आपण शिकलेलो नाही.

हवामानशास्त्राने हा धडा मोठी किंमत देऊन गिरवला. १९८७ च्या १५ आणि १६ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री दक्षिण इंग्लंडवर प्रचंड वादळ आले आणि ब्रिटनमध्ये १८ माणसे दगावली. त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज चुकला होता आणि त्यावरून तिथल्या हवामान खात्यावर सडकून टीका झाली. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच दिवसाची गणिते पुन्हा केली, पण या वेळी एकदा नाही, अनेकदा. दर वेळी सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून. उत्तरे कमालीची वेगवेगळी आली. काहींत साधा वारा होता, काहींत भयंकर वादळ. वातावरण त्या दिवशी अतिशय नाजूक अवस्थेत आहे, हे त्या पसाऱ्यानेच सांगितले असते. एकट्या अंदाजातून ते कळण्याची सोयच नव्हती. या पद्धतीला एन्सेम्बल म्हणतात. युरोप आणि अमेरिकेच्या केंद्रांनी १९९२ मध्ये ती रोजच्या कामात आणली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या कामातून भारतातही २०१८ पासून १२ किलोमीटरच्या जाळीवर चालणारा जागतिक एन्सेम्बल अंदाज सुरू झाला आणि २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या जाळीची भारत फोरकास्ट सिस्टिम आली. हे यश आपल्याच राज्यातल्या संस्थेचे आहे आणि त्याचा सार्थ अभिमान बाळगावा. पण पावसाच्या एकेका ढगाचा गाभा अवघ्या काही किलोमीटरचा असतो. ६ किलोमीटरच्या जाळीतूनही तो निसटतो. म्हणजे सांताक्रूझ की कुलाबा, या प्रश्नाचे आदल्या दिवशीचे प्रामाणिक उत्तर आजही शक्यतेच्याच भाषेत द्यावे लागेल.

इथे कुणी विचारील, की चक्रीवादळांचे अंदाज तर आता अचूक येतात, मग पावसाचेच काय अडले? ओडिशाचे उदाहरण खरोखर प्रेरणा देणारे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे मेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा जवळपास १० लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. पण चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असते, अनेक दिवस जगते आणि समुद्रावरून येताना उपग्रहाला सतत दिसत असते. आपण ज्याला ढगफुटी म्हणतो ती काही तासांत जन्मते आणि संपते. शिवाय ओडिशाच्या यशात अंदाजाइतकाच निवाऱ्यांचा, गावपातळीवरच्या तयारीचा आणि इशारा आला की निघायचेच, या ठरलेल्या शिस्तीचा वाटा होता. वादळाच्या मार्गाचा अंदाजही एका रेषेत दिला जात नाही. पुढे रुंदावत जाणाऱ्या पट्ट्यात दिला जातो. त्या पट्ट्यातल्या धोक्याच्या वस्त्या हलवल्या जातात, वादळ शेवटी त्यातल्या एकाच ठिकाणी किनाऱ्याला धडकणार हे माहीत असूनही. म्हणजे शक्यतेवर कृती करणे आपल्या देशाला जमते, आणि ते एका गरीब राज्याने करून दाखवले आहे. प्रश्न तीच शिस्त शहरातल्या अतिवृष्टीला लावण्याचा आहे.

शक्यता आकड्यातच का हवी? कारण प्रत्येकाचा तोटा वेगळा असतो. एखादी खबरदारी घ्यायला एक रुपया लागतो आणि ती न घेता संकट आले तर दहा रुपयांचे नुकसान होते, असे समजा. मग संकटाची शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की ती खबरदारी परवडते. सखल भागातला भुयारी मार्ग दोन तास बंद ठेवणे स्वस्त आहे. तिथे दहा टक्केही पुरेसे ठरावेत. रुग्णालयाच्या तळघरातला जनरेटर आधीच वर हलवायचा तर पाच टक्के पुरेत. सारी लोकलसेवा थांबवायची तर लाखो लोकांची रोजी बुडते. तिथे उंबरठा बराच वर असेल. धरणाचे दरवाजे आधी उघडायचे की नाही हा त्याहून कठीण निर्णय आहे, कारण पाऊस आला नाही तर सोडलेले पाणी उन्हाळ्यात परत मिळत नाही. या चौघांना एकाच ‘होय’ किंवा ‘नाही’ने काम भागत नाही. ‘मुसळधार पावसाची शक्यता’ या तीन शब्दांत दहा टक्केही मावतात आणि नव्वदही. हवामान विभागाच्या पत्रकांत शक्यतेच्या श्रेणी असतात. लाल रंगाचा अधिकृत अर्थही ‘कृती करा’ असाच आहे. पण मथळ्यापर्यंत येईतो श्रेणी गळून पडते, लाल रंगाची बातमी उरते आणि कृती म्हणजे शाळांना सुट्टी एवढेच होते.

अंदाज हाती असून कृती ठरलेली नसेल तर काय होते, हे स्पेनमधील व्हॅलेन्सियाने दाखवले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता. नागरिकांच्या मोबाइलवर सावधानतेचा संदेश गेला रात्री आठनंतर. तोवर अनेक गावांत पाणी शिरले होते. त्या पुरात दोनशेवीसहून अधिक माणसे गेली. विज्ञानाने दिलेले कितीतरी तास निर्णय कुणी आणि कधी घ्यायचा या घोळात वाया गेले. याच्या उलट चित्र बांगलादेशातले. जुलै २०२० मध्ये जमुना नदीच्या मोठ्या पुराची शक्यता आधीच ठरवून ठेवलेल्या उंबरठ्यापलीकडे गेली आणि पाणी सर्वाधिक चढण्यापूर्वीच संयुक्त राष्ट्रांचा निधी मोकळा होऊन कुटुंबांना रोख मदत मिळू लागली. कुणा अधिकाऱ्याच्या धाडसाची किंवा मंत्र्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागली नाही. निर्णय आधीच घेतलेला होता. फक्त आकडा यायचा होता.

यावर पहिला आक्षेप असा, की सामान्य माणसाला टक्केवारी कळत नाही. अमेरिकेत पावसाची टक्केवारी १९६० च्या दशकापासून जनतेला सांगितली जाते आणि लोक तिच्यावर दिवसाची आखणी करतात. आपला शेतकरी तर उभे आयुष्य शक्यतेवर जगतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की पेरायचे की थांबायचे, हा निर्णय तो दरवर्षी घेतो आणि चुकला तर दुबार पेरणीचा खर्च स्वतः सोसतो. त्याला शक्यता कळत नाही असे म्हणणे हा त्याच्या शहाणपणाचा अपमान आहे. अट एवढीच, की आकडा कशाचा आहे ते नेमके सांगितले पाहिजे: उद्या दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत, ठाणे जिल्ह्यात कुठे ना कुठे दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याची शक्यता इतकी. आणि सोबत हेही, की एरवी ती किती असते. टोकाच्या घटनेची टक्केवारी नेहमी लहानच दिसणार. पाच टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण एरवी हजारात एक असलेली शक्यता आज पाच टक्क्यांवर गेली असेल तर धोका पन्नास पटींनी वाढला आहे, हे वाक्य कुणालाही कळते.

दुसरा आक्षेप लांडगा आला रे आला, हा. दहा टक्क्यांवर रस्ता बंद केला तर दहापैकी नऊ वेळा तो विनाकारण बंद झाला असे वाटेल आणि दहाव्या वेळी कुणी ऐकणार नाही. हा धोका खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता. लोकांचा विश्वास उडतो तो फसवले गेल्याच्या भावनेने. ‘संकट येणार’ असे सांगून ऊन पडले तर माणूस चिडतो. ‘दहापैकी एकदा येईल, म्हणून तीन तास हा रस्ता बंद’ असे सांगून ऊन पडले तर सांगणारा खोटा ठरत नाही. आज इशारा एकच आणि सरसकट असल्यामुळे तो द्यावा तरी पंचाईत आणि न द्यावा तरी पंचाईत. उंबरठे वेगवेगळे ठेवले तर स्वस्त खबरदाऱ्या वारंवार घेता येतील आणि महागड्या क्वचितच घ्याव्या लागतील.

तिसरा आक्षेप अधिक तिखट आहे. टक्केवारी ही जबाबदारी झटकण्याची पळवाट ठरेल. काहीही झाले तरी खाते म्हणेल, आम्ही शून्य टक्के म्हटले नव्हते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘काही ठिकाणी जोरदार पाऊस’ हे वाक्य कधीच खोटे ठरवता येत नाही. आकडा ठरवता येतो. ज्या दिवशी तीस टक्के सांगितले असे सगळे दिवस एकत्र करावेत आणि त्यातल्या किती दिवशी तसा पाऊस झाला ते मोजावे. शंभरात तीसच्या आसपास झाला तर अंदाज प्रामाणिक. साठ दिवशी झाला तर खाते धोका लपवत होते. दहाच दिवशी झाला तर ते उगाच घाबरवत होते. ग्लेन ब्रायर यांनी अशा अंदाजांना गुण देण्याची रीत १९५० मध्येच घालून दिली आहे. हे गुणपत्रक दर मोसमानंतर जनतेसमोर ठेवले तर हवामान खात्याइतके पारदर्शक दुसरे सरकारी खाते सापडणार नाही.

चौथे म्हणणे असे, की कृत्रिम बुद्धिमत्ता लवकरच सगळे अचूक सांगेल. या प्रणालींची प्रगती थक्क करणारी आहे. जे गणित महासंगणकाला तासन्‌तास लागत होते ते त्या काही मिनिटांत करतात, त्यामुळे शेकडो पर्यायी अंदाज काढणे स्वस्त होईल. पण त्या शिकतात भूतकाळातून आणि टोकाच्या घटना भूतकाळात कमीच असतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शिकागो विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात अशा एका प्रणालीच्या शिक्षणातून तीव्र चक्रीवादळे वगळली गेली. पुढे तीव्र वादळ समोर आल्यावर तिने ते सौम्यच असेल असे सांगितले. जे कधी पाहिले नाही ते तिला ओळखता आले नाही. आपल्याकडे तर भूतकाळच जुना होत चालला आहे. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ असा शिक्का मारलेला पाऊस आता शंभर वर्षे वाट पाहणार नाही. म्हणून यंत्र कोणतेही वापरा, त्याच्याकडूनही शक्यताच मागावी लागेल आणि तिचीही तशीच तपासणी करावी लागेल.

दर मे महिन्यात महापालिका नालेसफाई किती टक्के झाली ते जाहीर करतात. त्याच पत्रकात आणखी एक तक्ता असावा: अतिवृष्टीची शक्यता किती टक्क्यांवर गेली की कोणता भुयारी मार्ग बंद होईल, कोणती दरडीखालची वस्ती हलवली जाईल, पंप कुठे पोहोचतील आणि हा आदेश कोणत्या पदावरचा अधिकारी देईल. हवामान विभागाने आकडा द्यावा, वर्तमानपत्रांनी तो मथळ्यातून गाळू नये आणि नागरिकांनी आपल्या प्रभागाचा तक्ता नगरसेवकाकडे मागावा. खवळलेले आभाळ आपली वेळ आधी कळवणार नाही. तयारीची वेळ ठरवणे मात्र आपल्या हातात आहे, आणि ती पावसाळ्याच्या आधीची आहे.